किल्ली कोणाच्या कमरेला?

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो न जातो तोच आमच्याकडे कार्तिकी पौर्णिमेची चाहूल लागते. मांजरसुंब्याहून कपिलधारेकडे वळणारा रस्ता दिंड्यांनी भरून जातो. बालाघाटाच्या डोंगरातली ही एक घळ. पावसाळ्यात कड्यावरून धार कोसळते, कार्तिकापर्यंत ती बारीक होते; खाली मन्मथस्वामींची समाधी. लातूर-नांदेडकडच्या दिंड्या येतात, तशी कर्नाटकातली आणि तेलंगणातली माणसेही येतात. पायऱ्यांवर बसून घटकाभर कान दिला तर मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. भाकरी मागणे, वाट विचारणे, हरवलेल्या पोराला हाका मारणे, सारे तीन भाषांत चालते आणि कोणाचे काही अडत नाही.

लहानपणी मी इथे आजीचा पदर धरून येत असे. आजीला अक्षर येत नव्हते. पण मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्या’चे पारायण चालू असताना वाचणारा ओवी चुकला, की ती बसल्या जागेवरून दुरुस्त करी. सोळाव्या शतकातल्या या सत्पुरुषाने जे संस्कृताच्या पेटीत होते ते मराठी ओवीत आणून ठेवले. म्हणून चारशे वर्षांनंतर आमच्या आजीसारख्या निरक्षर बाईला पोथी वाचणाऱ्याची चूक काढण्याचा अधिकार मिळाला. हा अधिकार मला फार मोठा वाटतो. ऐकायला मिळणे ही एक गोष्ट, आणि ‘थांबा, इथे चुकलात’ असे म्हणता येणे ही दुसरी.

आमच्या घरात दोन कुलुपे महत्त्वाची होती. धान्याच्या खोलीची किल्ली आजीच्या कमरेला असे. आजोबांच्या ट्रंकेची त्यांच्या करदोड्याला. ट्रंकेत मोहरा असतील अशी आम्हा पोरांची समजूत होती. आजोबा गेल्यावर ती उघडली तेव्हा निघाली काही उर्दू कागदपत्रे आणि भूगोलाचे एक उर्दू पुस्तक. पुस्तकातला पृथ्वीचा गोल आम्हाला ओळखता आला. बाकी एक अक्षर घरात कोणाला लागेना. आजी म्हणाली, “ते वाचून मला मराठीत सांगायचे. समुद्र किती खोल, बर्फाचा मुलूख कुठं, सगळं सांगायचे.” बीड जिल्ह्यातल्या ज्या बाईने समुद्र कधी पाहिला नाही, तिला तो उर्दूतून मराठीत आणून दाखवणारा माणूस घरातच होता. तो गेला आणि पुस्तक बंद झाले.

त्या पुस्तकाची हकीकत मला पुढे कळली. बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. तिथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि त्याने एक धाडस केले. साऱ्या हिंदुस्थानात उच्च शिक्षण इंग्रजीतून चालले असताना या विद्यापीठाने वैद्यक आणि यंत्रविद्येसह सगळे विषय उर्दूतून शिकवायचे ठरवले. त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले होते. रसायन, इतिहास, कायदा, गणित यांवरची शेकडो पुस्तके तिथे उर्दूत उतरली. प्रत्येक शास्त्राला परिभाषा घडवण्यासाठी पंडित आणि मौलवी एकेका शब्दावर वाद घालत बसत. देशी भाषेत आधुनिक ज्ञान मावत नाही असे म्हणणाऱ्यांना हे परस्पर उत्तर होते, आणि त्याचे श्रेय निजामाच्या राजवटीवर कितीही राग असला तरी नाकारता येत नाही.

पण ही देशी भाषा कोणाची? संस्थानात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास, मराठी बोलणारे चौथा हिस्सा, त्याखालोखाल कानडी. उर्दू ज्यांची घरची भाषा ते दहांत एखादा. म्हणजे इंग्रजीचे कुलूप काढले आणि त्या जागी दुसरे बसवले. आमचे आजोबा ती किल्ली मिळवू शकले, कारण त्यांच्या बापाजवळ चार पैसे होते आणि ते मुलगे होते. पुढे संस्थान गेले, उस्मानियाची शिकवण इंग्रजीकडे वळली, आणि ज्या माणसाकडे सारा गाव खत वाचून घ्यायला येत असे तो एका पिढीच्या आत अडाण्यांत जमा झाला. आजोबा तेच होते. त्यांच्या हातातल्या किल्लीचे कुलूप कोणीतरी बदलले होते.

हा अनुभव आमच्या मुलखाला नवा नाही. वाचकांना महानुभावांची गोष्ट ठाऊक असेलच. तरी इथे ती पुन्हा सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. चक्रधरांच्या मागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केशोबासांसारखा संस्कृतात पारंगत शिष्य संस्कृतात रचना करू लागला, तेव्हा आचार्यांनी त्याला आवरले. पंथात म्हाताऱ्या बायका आहेत, त्या अशाने वंचित होतील, असे त्यांचे म्हणणे. तेराव्या शतकाच्या अखेरीस एका धर्मपुरुषाने ग्रंथाची भाषा ठरवताना म्हाताऱ्या बायकांची सोय पाहिली! मराठीच्या इतिहासात याहून मोठे वाक्य कोणी बोलले असेल असे मला वाटत नाही. मला त्या जागी नेहमी आमची आजी दिसते.

आणि त्याच पंथाने पुढे काय केले? आपले मराठी ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. क च्या जागी भलतेच अक्षर, असा तो संकेत. ग्रंथ परक्या हाती पडू नयेत, भ्रष्ट होऊ नयेत ही त्यामागची भीती खोटी नव्हती. छळही झाला होता. पण परिणाम असा झाला की मराठीतले पहिले गद्य चरित्र, ‘लीळाचरित्र’, मराठी माणसाला शतकानुशतके ठाऊकच नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी या लिप्यांची उकल केली आणि खुद्द पंथातल्या काही महंतांनी ग्रंथ बाहेर दिले, तेव्हा ते दालन उघडले. भाषा म्हाताऱ्यांची ठेवली, पण अक्षर कुलपात ठेवले. दोन्ही उघडल्याशिवाय दार उघडत नाही.

अक्षराचे हे कुलूप किती अलीकडचे असू शकते ते मी स्वतः भोगले आहे. माझी पहिली कादंबरी मी हाताने लिहिली आणि शहरातल्या एका दुकानात संगणकावर टंकून घेतली. पुढे प्रकाशकाकडे ती चकती नेली तर पडद्यावर कंस, चांदण्या आणि रोमन अक्षरांचा चिवडा! दोनशे पृष्ठांत एक मराठी शब्द नाही. त्या दुकानाचा फॉन्ट वेगळा, यांचा वेगळा. ज्याने त्याने आपल्या मनाने संकेत ठरवलेला; क च्या जागी भलतेच अक्षर. मला तिथल्या तिथे सकळ लिपी आठवली. हसावे की रडावे ते कळेना. सगळी कादंबरी दुसऱ्यांदा टंकावी लागली, आणि तिचे पैसे मीच भरले.

यावर उपाय झाला तो युनिकोडचा. जगातल्या प्रत्येक अक्षराला कायमचा एक क्रमांक द्यायचा आणि सगळ्या यंत्रांनी तो पाळायचा, एवढीच ती युक्ती. आमच्या क ला २३२५ हा क्रमांक मिळाला, ळ ला २३५५. हे मी शाळेत मुलांना सांगते तेव्हा त्यांना आपापल्या नावाचे आकडे काढण्याचा छंदच लागतो. एका मुलाने त्यातून एक गंमत हुडकली. तेलुगू क चा क्रमांक ३०९३ आणि कानडी क चा ३२२१. दोहोंत फरक १२८ चा. मग त्याने ग घेतला, म घेतला. फरक तोच, १२८. खरेच तसे आहे. ब्राह्मीच्या या लेकी आपापल्या रांगेत एकाच क्रमाने बसवलेल्या आहेत, आणि कानडीची रांग तेलुगूच्या लगेच शेजारी आहे. ही बैठक युनिकोडने भारतीय संगणकतज्ज्ञांनी १९८८ च्या सुमारास आखलेल्या प्रमाणकावरून घेतली. तीन लिप्या वेगळ्या, पण क चे आसन एकच! कपिलधारेच्या पायऱ्यांवर तिन्ही भाषा शेजारी बसतात, त्याचे हे संगणकातले रूप म्हणायला हरकत नाही.

अक्षराचे कुलूप असे निघाले. राहिली भाषा.

मुकुंदराज, ज्ञानेश्वर यांच्याविषयी इथे लिहीत नाही. ती नावे प्रत्येक दिवाळी अंकात येतात आणि त्यांना माझी गरज नाही. मात्र आंबेजोगाईच्या दासोपंतांचे स्मरण एका मास्तरणीला झाल्यावाचून राहवत नाही. मन्मथस्वामींच्याच काळातला हा पुरुष. त्याने सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडीवर पंचीकरणाचा विषय तक्त्यांसकट लिहून काढला. भिंतीवर लावायचा तक्ता आमच्या खात्याने शोधून काढला असे ज्यांना वाटते त्यांनी ती पासोडी जरूर पाहावी.

मला सांगायचे आहे ते एका कमी ठाऊक असलेल्या ग्रंथाविषयी. कर्नाटकात निजगुण शिवयोगी नावाचे एक वीरशैव पुरुष होऊन गेले. संस्कृत न जाणणाऱ्यांसाठी लिहायचे हा त्यांचा बाणा. त्यांनी कानडी गद्यात ‘विवेकचिंतामणी’ रचला. नावावरून वेदान्ताचा ग्रंथ वाटतो, आणि वेदान्त त्यात आहेही. पण काव्यशास्त्र, नाट्य, नृत्य, संगीत असे सुमारे दीड हजार विषय त्यात वर्गवारीने लावले आहेत. म्हणजे तो कानडीतला ज्ञानकोशच. आता पुढची गोष्ट पाहा. या कानडी कोशाचे मराठी रूपांतर १६०४ साली झाले. ते शांतलिंग स्वामींनी केले. संस्कृत रूपांतर झाले ते १६५२ साली, म्हणजे मराठीनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी!

हा क्रम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. ज्ञान संस्कृतातून खाली लोकभाषांत येते, वरून खाली पाणी वाहावे तसे, असे आम्हाला शिकवलेले. इथे ते कानडीतून आडवे मराठीत आले आणि मागाहून वर संस्कृतात चढले. आणि हे कोणत्या राजाच्या हुकुमाने झाले असे दिसत नाही. कपिलधारेला येणाऱ्या दिंड्यांसारखी दोन भाषांची माणसे एका वाटेने चालत होती. एकाजवळ ग्रंथ होता, दुसऱ्याला तो हवा होता. त्या काळी ना छापखाना, ना ग्रंथाचा हक्क कोणाच्या नावावर. ज्याला हवे त्याने उतरून घ्यावे. उतरून घेणाऱ्यांच्या चुका मात्र होत, हेही खरे.

पुढे छापखाना आला आणि कोशांचे काम घरदार विकायला लावणारे झाले. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून १९११ साली पदवी घेऊन आले, नागपुरास त्यांनी ज्ञानकोश मंडळ उभारले, दारोदार वर्गणीदार गोळा केले आणि १९२० च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड मराठीच्या पदरात टाकले. मराठीचे झाल्यावर या माणसाने गुजराती ज्ञानकोशालाही हात घातला. १९३७ साली ते गेले तेव्हा हातात काही नव्हते. ते कादंबरीकारही होते, आणि त्यांच्या कादंबऱ्यांना कलेच्या दृष्टीने नावे ठेवण्याची पद्धत आहे. मी ठेवणार नाही.

त्याच नागपुरात शिकलेले कोमर्राजु लक्ष्मणराव हे तेलुगू गृहस्थ. मराठीत लेख लिहिण्याइतकी त्यांना मराठी अवगत होती. हैदराबादेत १९०१ साली तेलुगू ग्रंथालय उभारण्यात ते पुढे होते, आणि तेलुगूतला पहिला मोठा ज्ञानकोश त्यांनी हाती घेतला. तीन खंडांची मजल गाठून १९२३ साली ते वारले; कोश अपुरा राहिला. एकाच शहराने मराठीला आणि तेलुगूला कोशकार दिले याची आठवण नागपुरात कोणी ठेवली आहे का, ते नागपूरकरांनी सांगावे.

लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला झालेला मराठी विश्वकोश हा त्यापुढचा टप्पा. पहिला खंड १९७६ चा, एकूण खंड वीस. माझ्या लहानपणी तालुक्याच्या ग्रंथालयात ते खंड काचेच्या कपाटात असत आणि कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडे असे. मी दहावी झाले (आजी त्याला अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणे), लग्न झाले आणि शिक्षण थांबले. इंग्रजीचे दार तिथेच मिटले. नंतर वस्तीशाळा निघाल्या तेव्हा स्वयंसेवक म्हणून लागले, ती शिकवतेच आहे. आज विश्वकोशाचे खंड महाजालावर फुकट वाचता येतात, केतकरांचा ज्ञानकोशही यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने तिथे आणून ठेवला. रात्री भांडी आवरल्यावर मी तो माझ्या भ्रमणध्वनीवर वाचते. काचेच्या कपाटापाशी उभी राहणारी ती मुलगी मला मग आठवते. माझ्यासारखीला हे सारे मराठीत आहे म्हणून आहे. इंग्रजीत असते तर नसतेच.

आता मुक्त ज्ञानकोशांविषयी. विकिपीडिया २००१ साली इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, कानडी आणि तेलुगूही त्याच वर्षी. आज तीनशेहून अधिक भाषांत तो आहे. कोणीही वाचावे, कोणीही उतरून घ्यावे, भाषांतर करावे, छापावे, विकावेसुद्धा. मूळ कोठून घेतले ते सांगावे आणि पुढच्यालाही तीच मोकळीक द्यावी, एवढीच अट. ‘विवेकचिंतामणी’ कानडीतून मराठीत आला तो याच मोकळिकीने. पण इंग्रजीत सत्तर लाखांच्या घरात लेख आहेत आणि मराठीत लाखाच्या आसपास. मराठी बोलणारे आठ कोटींहून अधिक. दार उघडे आहे, घरात सामान थोडे. आणि जे यंत्र आता एका भाषेतले दुसरीत करून देते, सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ नावाने ज्याचा प्रपंच मांडला, तेही शिकते ते लिहिलेल्यावरूनच. आमच्या बोलीत लिहिलेले थोडे असेल, तर यंत्रालाही ती थोडीच येणार.

म्हणून मी एकदा धीर करून अशाच एका मुक्त ज्ञानसंग्रहात कपिलधारेच्या यात्रेविषयी चार परिच्छेद लिहिले. कोणत्या गावची दिंडी कोठे मुक्काम करते, बायका कोणती गाणी कोणत्या चढणीला म्हणतात, पूर्वी बैलगाड्या कोठे सुटत. सारे आजीच्या तोंडून ऐकलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले. आठ दिवसांत ते गेले. कारण दिले होते: छापील आधार नाही.

मला राग आला. दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. मग विचार केला. मी कादंबऱ्या लिहिते. खोटे किती खऱ्यासारखे लिहिता येते हे माझ्याइतके त्या नियम करणाऱ्यांनाही ठाऊक नसेल. आधार मागणे बरोबरच आहे. पण ज्या मुलखात छापले गेले थोडे आणि तोंडी राहिले फार, त्याला हा बरोबर नियमही जड जातो, हेही तितकेच खरे आहे. आजीला पोथीतली चूक काढता येत होती. या नव्या पोथीत ती काढता येणार नाही, कारण आजी कोठे छापलेली नाही. आणि आजी तर गेली. तिच्याबरोबर चढणीची निम्मी गाणी गेली.

मग मुलांना कामाला लावले. गेल्या कार्तिकीला सातवी-आठवीची मुले दोन-दोनच्या जोडीने वह्या घेऊन पायऱ्यांवर बसली. ‘आजी, तुमचं गाव कोणतं, किती वर्षं येता, वाटेत काय म्हणता?’ असे विचारायचे आणि जसेच्या तसे लिहायचे, सुधारायचे नाही. कानडी बायांशी गाठ पडली तेव्हा उदगीरकडची एक सून मध्ये बसून दोन्हीकडचे सांगू लागली. एका मुलीने वहीत समासात लिहून ठेवले आहे: ‘हे सूनबाईंनी सांगितले तसे लिहिले आहे. आजी जास्त बोलल्या होत्या.’ मी साऱ्या वह्या तपासल्या. त्या एका ओळीवर मात्र लाल शाई फिरवायला माझा हात धजला नाही. भाषांतराविषयी मोठमोठ्यांनी लिहिलेले मी थोडेबहुत वाचले आहे. इतके प्रामाणिक कोणी लिहिल्याचे आठवत नाही.

त्या वह्यांची बत्तीस पृष्ठांची पुस्तिका यंदा छापायला दिली. छापली म्हणजे आधार झाला. मग बघू कोण काढतो ते. मुद्रिते पाहायला गेले तर दुसऱ्या पृष्ठावर, रिवाजाप्रमाणे, ‘सर्व हक्क राखून ठेवले आहेत’ अशी ओळ बसवलेली. मी ती खोडली आणि वर लिहिले: ‘ही पुस्तिका कोणीही छापावी, कोणत्याही भाषेत न्यावी, चूक दिसल्यास सुधारावी, कोठून घेतली तेवढे सांगावे.’

छापखान्यातल्या मामांनी चष्मा कपाळावर सारून ते दोनदा वाचले.

“बाई, म्हणजे उद्या मीच छापून विकली तर?”

“विका की.”

“अन् कानडीत कोणी केली तर?”

“त्याच्या दोन प्रती मला पाठवायला सांगा.”

मामांनी मान हलवली आणि पोराला हाक मारून ती ओळ थोडी मोठ्या टायपात घ्यायला सांगितली.